बंदीतली कपाशी

१३ मे

एम्बार्गो म्हणजे काय? मला सांगता आलं नाही.

दुपारी कंपनीची गाडी आली. कपाशीच्या बियाण्याचे खोके उतरवून दुकानाच्या मागच्या खोलीत लावले. सही घेताना कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, माल एम्बार्गोत आहे बरं का. एक जूनपर्यंत शेतकऱ्याला एक पाकीट जाता कामा नये." मी मोठ्या जाणकारासारखी मान हलवली. गाडी वळते न वळते तोच देवसिंगकाकांनी विचारलं. काका तांड्यावरचे, उन्हाळाभर दुपारी माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसतात.

"काय म्हने वं थो? एम्बार्गो? म्हंजे काय?"

"बंदी, काका."

"कोनावर? तुह्यावर का माह्यावर?"

खरंच, कोणावर? विकणाऱ्यावर, घेणाऱ्यावर, की बियाण्यावरच? घरातली पहिली पदवी माझी. बीएस्सी कृषी म्हणून दुकानाचा परवाना माझ्या नावावर. बाबा पाहुण्यांना तो भिंतीवरचा कागद दाखवतात. आणि मी एका शब्दापाशी अडले.

१४ मे

शब्द शोधला. मूळ स्पॅनिश — अडवून धरणे. राजा परक्या जहाजांना बंदर सोडू द्यायचा नाही. माल भरलेला, वारा चांगला, तरी शिडं बांधलेली. पुढे देश देशांवर घालू लागले — तुला तेल नाही, तुला शस्त्रं नाहीत, कधीकधी औषधंही नाहीत. मराठीत व्यापारबंदी, मालबंदी. कॉलेजात आमच्या मॅडमचा प्रबंध दोन वर्षं कुलपात होता, कोणाला वाचायला मिळत नव्हता. त्यालाही हाच शब्द होता म्हणे.

सगळीकडे एक गोष्ट सारखी: बळ असलेला माणूस दुसऱ्याची वाट अडवतो.

आमच्या गावाचं तसं नाही. आम्ही आमचीच वाट अडवली आहे.

सरकारची बंदी विक्रीवर. एक जूनला उठते. गावाची बंदी डोबण्यावर, म्हणजे बी मातीत टोचून पेरण्यावर, ती सात जूनला, मृग लागल्यावरच उठणार. फेब्रुवारीच्या ग्रामसभेत ठरलं. बोलले मी होते. गुलाबी बोंडअळीचे पतंग उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीतून, जुन्या बोंडांतून निघतात. अंडी घालायला त्यांना कपाशीची पाती, म्हणजे कळ्या, आणि फुलं लागतात. सगळ्या शिवारात नसतील तर पहिली पिढी उपाशी मरते. पण एकाने जरी ठिबकवर लवकर डोबली, तर त्याच्या वावरात साऱ्या गावाची अळी जगते. म्हणून वेचणी संपल्यावर पाणी देऊन फरदड कोणी ठेवायची नाही, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायच्या, आणि मृगाआधी एकानेही सरकी डोबायची नाही.

बराच वेळ कोणी हात वर करेना. मग बाबांनी केला. पहिला हात बबनरावांचा! त्यानंतर बाकीचे. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

१७ मे

दुकानात दिवसभर तेच. "एकच पाकीट दे ना वं दिपाली. कोनाले सांगत नाही."

मारोतराव सगळ्यात चिवट. त्यांना शब्द सापडलाय, सोडतच नाहीत. चहा सांगितला नाही तर म्हणाले, "काहून, चहालेबी एम्बार्गो हाये काय?" सगळे हसले. मग बारीक आवाजात — "मास्तरीनबाई, मी थांबून राह्यलो तुह्या बापाच्या तोंडाकडे पाहून. तुह्या पुस्तकाकडे पाहून नाही. ध्यानात ठेव."

ठेवलं.

ऊन असं की ओट्यावर पाय टेकवत नाही. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांच्या ठिबकच्या नळ्या अंथरून तयार. हात शिवशिवताहेत सगळ्यांचे. कोणीतरी बंदी मोडणार, कोणीतरी मोडणार, असं मला सारखं वाटतं.

१९ मे

आज अनघा आली! यवतमाळला पेपरात आहे. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तिच्या घरी आजोबांपासून सगळे नोकरीतले, शिकलेले. पण आमच्याकडे मांडी घालून झुणका-भाकर खाल्ली, आईकडून आणखी मागून घेतली. आई खूश.

गावावर बातमी करतेय. सात जूनला, डोबणीच्या दिवशीच छापणार. आधी छापली तर कोणीतरी मुद्दाम मोडेल, म्हणाली. "आम्ही याला एम्बार्गो म्हणतो. बातमी हातात असते, पण ठरलेल्या वेळेआधी द्यायची नाही. त्यावर विश्वास ठेवूनच लोक आम्हाला आधी सांगतात."

हा अर्थ मला आवडला. यात जबरदस्ती नाही, दिलेला शब्द आहे.

बाबांचा फोटो काढला, घरामागच्या रिकाम्या वावरात. टोपी नवी. बाबा म्हणाले, "माह्या पोरीनं सांगतलं, म्या हात वर केला. मले जास्त समजत नाही, पन पोरगी समजते." अनघाने लिहून घेतलं. मी चुलीपाशी जाऊन डोळे पुसून आले.

नाल्याकडचं वावरही बघू म्हणाली तर बाबांनी नको म्हटलं. वाटेत काटे पडलेत, पायाला लागतील.

२१ मे

बोंडअळीसाठी वावरांत लावलेल्या माझ्या सापळ्यांत पतंग लागायला लागले. करडे, बारीक, बोटाने दाबले की भुकटी. निघालेत म्हणजे. उपाशी मरा!

२२ मे

लिहिता येत नाही.

२३ मे

लिहायलाच हवं. नाहीतर मी खोटं पाहिलं असं मला वाटायला लागेल.

काल नाल्याकडच्या वावरात सापळा लावायचा राहिला म्हणून गेले. आई म्हणत होती, "उन्हाची कायले जातं? रजत लावीन." रजत माझा धाकटा भाऊ. मी ऐकलं नाही. वाटेत काटे नव्हते. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मात्र तुरीच्या काड्यांची उंच रास, रस्त्यावरून आत काही दिसू नये अशी. राशीच्या पलीकडे हिरवं दिसलं.

कपाशी! दोन एकर. सरळ ओळी, प्रत्येक रोपाला दोन पानं, मधून तिसरं डोकावतंय. खाली ठिबकची नळी, थेंब थेंब. इतकी सुंदर उगवण मी कॉलेजच्या शेतावर पाहिली नव्हती. ओळीत एकही खाडा, एकही रिकामी जागा नाही. आणि मी तिथे बसून ओकले.

बाबा संध्याकाळी अंगणात होते. मी काही विचारायच्या आतच त्यांना कळलं.

"पाह्यलं काय?"

"बाबा, तुम्ही?"

"बंदी विकायले हाये. म्या विकत नाही घेतलं. मांगच्या सालचे पाकिटं उरले होते घरात."

"गावाची बंदी डोबायला आहे! तुम्हीच हात वर केला!"

ते बैलांच्या अंगावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सीतादही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याहून वाईट वाटलं. कापसाच्या पहिल्या वेच्याच्या, वेचणीच्या आधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून चारी दिशांना शिंपडतात ती सीतादही. गावातली पहिली सीतादही आमच्या वावरात होते. आजोबांच्या वेळेपासून. त्या दिवशी गाव आमच्याकडे जेवतं, आणि तोवर कोणी बोंडाला हात लावत नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी डोबली तर बोंडं सगळीकडे एकदमच फुटणार, मग पहिला कोण? कोणीच नाही.

"अन् औंदा तुह्या हातानं करनार होतो," बाबा म्हणाले. "पदवीवाल्या पोरीच्या हातानं. दोन एकरानं काय होते वं? बाकी सारं थांबूनच राह्यलं ना."

दोन एकरानं काय होतं! फेब्रुवारीत माझ्या भाषणातलं पहिलं वाक्य हेच होतं — दोन एकराने काय होतं असं कोणी म्हणू नका. माझा सगळ्यात मोठा ऐकणारा पहिल्या ओळीत बसला होता. मान हलवत होता.

२४ मे

आई — "चूप राय. घरची गोष्ट घरात. बापाची टोपी उतरवतं काय गावात?" तिला माहीत होतं. डोबायला तीच गेली होती.

रजतलाही माहीत होतं. धाकटा असून मला समजावतो. "ताई, पाऊस पडला की सारंच हिरवं. कोनाची कोनत्या दिवशीची, कोन पाह्यते?"

"पतंग पाहतील."

"पतंगाले ग्रामसभेत हात वर करायले लावला होता काय?"

हसला. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

म्हणजे घरात मी एकटीच होते जिला माहीत नव्हतं. मी फोटोतल्या त्या रिकाम्या वावरासारखी. दाखवायला.

२५ मे

अनघाचा फोन. बातमीचा मथळा बाबांच्या वाक्यावरून घेतलाय. वाचून दाखवला. मी "छान" म्हटलं.

देवसिंगकाकांनी ओट्यावर बसता बसता विचारलं, "सारे थांबले ना बेटी? माह्या विहिरीले तोंडोतोंड पानी हाये. पोट्टे मले दिवसभर बोलतात, बुढा येडा झाला म्हनतात. तू सांगतलं तं मी थांबतो."

"थांबलेत काका. सगळे."

इतकं सहज निघालं तोंडातून! मला वाटलं होतं खोटं बोलताना जीभ अडेल. अडली नाही.

२६ मे

जहाज अडवणाऱ्या राजापेक्षा मी वाईट. तो निदान बंदरावर उभा राहून सांगत होता की मी अडवतोय.

अनघा बातमी थांबवते कारण ती खरी आहे आणि तिची वेळ यायची आहे. मीही बातमी थांबवली आहे. कोणत्या तारखेपर्यंत? माझ्या बातमीला तारीख नाही. ज्याला तारीख नाही तो एम्बार्गो नाही, ती लपवाछपवी. हे मला इतकं स्पष्ट दिसतं, आणि मी उठून चार घरं ओलांडून सांगायला जाऊ शकत नाही. का? बाबांमुळे. त्यांना मान खाली घालून चालताना बघणं मला जमणार नाही. सांगितलं तर दुसरीही भीती आहे — पहिला हात ज्यांचा, त्यांनीच मोडलं कळलं तर उद्या सकाळी सगळं गाव डोबायला निघेल. आणि नाही सांगितलं तर त्या दोन एकरांत अळी पाळली जाईल, जुलैत साऱ्या शिवारावर जाईल. दोन्हीकडून गाव बुडतं. मधे मी.

रोपं रोज वाढताहेत.

२८ मे

आज जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गावात कुजबुज होती दोन दिवस — कोणीतरी डोबली. कोणी? कोणी म्हणालं, तांड्यावरच्यांनी. बस्स. पुरावा लागलाच नाही. तांड्यावरचं म्हटलं की गावाला लगेच पटतं. सकाळी दहा-पंधरा जण देवसिंगकाकांच्या वावराकडे निघाले, मारोतराव पुढे. मी दुकान उघडं टाकून मागे पळाले.

काका धुऱ्यावरच होते. "पाहा ना बावा. पाहून घ्या. उपरून पाहा, खालून पाहा."

लोक खरंच बघू लागले. एकाने नळीजवळची माती पायाने उकरली. वाळलेली ढेकळं. कुठेच काही नाही. काकांची सून लेकरू कडेवर घेऊन झोपडीच्या दारात उभी होती, तिच्यासमोर एकजण झोपडीत डोकावला. बियाण्याचं पाकीट शोधायला! काका हसत होते. त्यांचं ते हसणं — मला नाही लिहिता येत.

"नाही भेटलं?" काका म्हणाले. "मंग पानी प्या. एवळ्या उन्हाचे आले."

कोणी प्यायलं नाही.

त्या दहा-पंधरा जणांत बाबा होते. मागे उभे. त्यांनी माती उकरली नाही, झोपडीत डोकावले नाहीत. आणि एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. एकदा पाहिलं त्यांनी माझ्याकडे, मग आभाळाकडे.

आणि मी? मीही बोलले नाही. हे लिहिलंच पाहिजे.

२९ मे

काका ओट्यावर आले नाहीत.

३० मे

आजही काका ओट्यावर आले नाहीत.

बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा. तुम्ही स्वतः सांगितलंत तर लोक ऐकतील. पाय धरले. आयुष्यात पहिल्यांदा, सण नसताना.

"सातले सांगतो."

"सातला काय उपयोग? देवसिंगकाकांच्या घरात डोकावले लोक!"

"मी डोकावलो नाही."

"तुम्ही तिथे होता, बाबा."

"तुले शिकवलं ते मले शिकवाले नाही." ताट सरकवून उठले. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरात आग लावली.

रजतकडे ट्रॅक्टर मागितला. कशाला ते सांगितलं. त्याने खिशातली किल्ली दाखवली आणि परत खिशात टाकली. "बाबाची कपाशी मोडनार? तुले बरं नाही ताई. झोप."

मला खरंच बरं नाही. डोकं ठणकतं. डोळे मिटले की दोन-दोन पानं दिसतात, ओळीने. त्या रोपांचं काय चुकलं? किती चांगली उगवली आहेत.

३१ मे

अनघाला फोन केला. बातमी छापू नको म्हटलं.

"का गं? पान लागलंय जवळजवळ."

"बाबांचं वाक्य खोटं आहे."

ती म्हणाली, "दिपू, तू मला हे बातमीदार म्हणून सांगतेस की मैत्रीण म्हणून?"

"मला माहीत नाही."

"मग मी ऐकलं नाही असं समजते. तू ठरव, मग कर फोन." हे ती रागाने म्हणाली नाही. पण मला वाटलं होतं ती माझ्या वतीने ठरवून टाकेल. कोणीतरी ठरवावं ना एकदा! कोणी नाही.

१ जून

विक्रीची बंदी उठली. सकाळपासून दुकानापुढे रांग. मागच्या खोलीतले खोके फोडले. हात यंत्रासारखे चालत होते.

मला वाटलं होतं पाकिटं घेऊन लोक तडक वावरात जातील. मारोतरावांनी चार पाकिटं घेतली, पिशवीत घातली, आणि म्हणाले, "आता घरात ठेवतो. सातपर्यंत बायको राखीन. माह्यावर भरोसा नाही, म्हून तिच्याकडे देतो." मागचे हसले. एकजण म्हणाला, "माह्यावाल्या पेटीले कुलूप घालीन." दुसरा — "बबनराव डोबतीन तवा डोबू!"

सगळे थांबणार आहेत. खरंच थांबणार आहेत! ज्या गोष्टीसाठी मी जीव काढला ती माझ्या डोळ्यांसमोर होत होती. चिल्लर मोजता मोजता मी रडायला लागले. लोकांना वाटलं आनंदाने. मारोतराव म्हणाले, "अवं पोरी, बंदी उठली, रडतं काहून?"

संध्याकाळी रांगेच्या शेवटी देवसिंगकाकांचा मुलगा आला. दोन पाकिटं. ओट्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. मी विचारलं, काका कसे आहेत. म्हणाला, "हायेत."

२ जून

नाल्याकडची कपाशी मोडली.

आधी सकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं — बबनरावांची मुलगी बोलतेय. बंदी आमच्या घराने मोडली, तांड्याने नाही. बघायला यायचं त्यांनी यावं.

वखर मी धरला. बैल मला मानत नव्हते. हाताला फोड आलेत, अक्षर वाकडं येतंय. आईने ठिबकच्या नळ्या गुंडाळून दिल्या. मारोतराव आले, आणखी बरेच आले. कोणी हसलं नाही. देवसिंगकाका आले नाहीत.

बाबा धुऱ्यावर उभे होते, टोपी हातात घेऊन. मी एकही ओळ ठेवली नाही.